उंबरठ्याबाहेरचा टेलिफोन

अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल याच्या टेलिफोनवरील दोन मुख्य पेटंटांची मुदत 1893 व 1894 या साली संपली, आणि अमेरिकेच्या खेड्यापाड्यांतून एक मोठी उलाढाल सुरू झाली. तोपर्यंत हे यंत्र म्हणजे बहुतांशी शहरातील व्यापारी, डॉक्टर आणि वकील यांची मिरास होती. आडरानातील शेतकऱ्याच्या दारापर्यंत तार नेण्यात बेलच्या कंपनीला फारसा नफा दिसत नव्हता. मक्ता सुटताच लहान लहान कंपन्या निघाल्या, आणि जेथे कंपनी येईना तेथे शेतकऱ्यांनी आपापसांत वर्गणी काढून स्वतःच खांब रोवले. पश्चिमेकडे कोठे कोठे तर कुरणाच्या काटेरी कुंपणातूनच संभाषण चालू केले. खर्च वाचावा म्हणून एकाच तारेवर आठ-दहा घरे जोडीत. घंटा वाजली की ती सर्वांच्याच घरी वाजे. दोन लांब व एक आखूड म्हणजे अमक्याचे बोलावणे, तीन आखूड म्हणजे तमक्याचे, असा संकेत ठरलेला असे. ज्याचे बोलावणे नसेल त्याने यंत्राला हात लावू नये, असा शिष्टाचार होता. पण कान टवकारून बसणाऱ्याला शिष्टाचाराची आठवण करून देणारे घरात दुसरे कोणी नसे.

याच सुमारास, म्हणजे 1896 पासून, सरकारी टपाल शेतकऱ्याच्या थेट दाराशी पोचविण्यास तेथे आरंभ झाला. पूर्वी टपाल आणावयाचे म्हणजे गाडी जुंपून गावात जावे लागे, आणि त्या निमित्ताने दहा माणसे भेटत. आता शहरातील दैनिक पत्र, दुकानदारांच्या जाडजूड याद्या आणि नाना तऱ्हेच्या जाहिराती रोज दाराशी येऊ लागल्या. ज्या घराला रविवारची उपासना आणि आठवड्याचा बाजार एवढ्या दोनच दिवशी जगाची वार्ता कळत असे, त्याच्या भिंतीत पंधरा वर्षांच्या आत अष्टौप्रहर उघडी राहणारी खिडकी पडली. माहितीचा महापूर ही आपल्याच काळाची आपत्ती आहे, असे आज आपण मोठ्या जाणतेपणाने म्हणत असतो. त्या वेळच्या शेतकऱ्यांसही आपल्या ओसरीत पाणी शिरत आहे हे कळत होते; फरक इतकाच, की बहुतेकांनी त्याचे स्वागत केले, आणि ते स्वाभाविकही होते. हिवाळ्यात सहा-सहा आठवडे बर्फाने कोंडलेल्या बाईला शेजारणीचा आवाज ऐकू येणे हे काही थोडे सुख नव्हे.

पेन्सिल्व्हेनिया संस्थानातील लँकास्टर परगण्यात मात्र एका लहानशा पंथाने या यंत्राविषयी निराळा विचार केला. तो विचार नीट समजून घेण्याजोगा आहे, असे वाटल्यावरून हा लेख लिहिण्याचे योजिले.

या पंथाचे नाव आमिश. आपल्या भाषेतील 'आमिष' या शब्दाशी नावाचे साम्य आहे हा योगायोग गमतीचा खरा. कारण गळाला लावलेल्या कोणत्याही वस्तूकडे सहजासहजी न वळणे हीच या लोकांची ख्याती आहे. मोठेपणी समजून उमजून घेतलेला बाप्तिस्माच खरा, असे मानणारे जे ख्रिस्ती सोळाव्या शतकात युरोपात निघाले, त्यांस कॅथलिक व प्रॉटेस्टंट अशा दोन्ही राज्यकर्त्यांनी बुडवून व जाळून मारले. त्यांच्यापैकी स्वित्झर्लंड व आल्सास या भागांतील याकोब आम्मान याने 1693 साली अधिक कडक शिस्तीचा आग्रह धरून निराळी मंडळी स्थापिली. तिचे अनुयायी ते आमिश. अठराव्या शतकात ते पेन्सिल्व्हेनियात येऊन शेती करू लागले. विल्यम पेनच्या या वसाहतीत धर्माकरिता छळ होत नसे, आणि जमीन उत्तम होती. घरात ते एक जुनी जर्मन बोली बोलतात, बाहेर इंग्रजी. कपडे साधे, एका धाटणीचे. आणि शस्त्र धरणे निषिद्ध.

त्यांचे देऊळ नसते, ही गोष्ट येथे फार महत्त्वाची आहे. पंचवीस ते चाळीस कुटुंबांची एक मंडळी असते, आणि एक रविवार सोडून दुसऱ्या रविवारी पाळीपाळीने कोणा एकाच्या घरी, नाही तर धान्याच्या कोठारात, उपासना भरते. बाके वाहून नेण्याकरिता मंडळीच्या मालकीची एक घोडागाडी असते. ती एका घरून दुसऱ्या घरी जात राहते. सुमारे तीन तास प्रार्थना व प्रवचन होते, त्यानंतर सर्वांचे जेवण, आणि जेवणानंतर गप्पा. कोणाची गाय व्याली, कोणाचा मुलगा लग्नाला आला, कोणाकडे दुखणे आहे, हे सर्व तेथे तोंडातोंडी कळते. मंडळी मोठी झाली की तिचे दोन भाग करावे लागतात, कारण सर्वांस एका घरात बसता आले पाहिजे. समाजाचा आकार घराच्या मापाने ठरविण्याची ही रीत आम्हांस फार मार्मिक वाटते.

वागण्याचे नियमही असेच ठरतात. त्यांस ते 'ओर्डनुंग' म्हणतात. त्याचा अर्थ व्यवस्था. हे नियम बहुधा लिहून ठेविलेले नसतात. वर्षातून दोनदा, वसंतात व शरदात, प्रभुभोजनाचा विधी होतो. त्याच्या दोन आठवडे आधी मंडळीची सभा भरते, बिशप नियमांची उजळणी करतो, आणि प्रत्येक सभासदाने आपण सर्वांशी व या व्यवस्थेशी समेटाने आहो असे सांगावयाचे असते. नवी वस्तू दारात आली, तर तिचा निकाल अखेर या सभेत लागतो.

टेलिफोन असा दारात आला. विसाव्या शतकाच्या आरंभी लँकास्टरमधील काही आमिश घरांतून तो बसलाही होता. 1910 च्या सुमारास वडीलधाऱ्यांनी तो घरांतून काढण्यास सांगितले. पुढे वृद्धांच्या तोंडून अभ्यासकांस जी हकीकत ऐकावयास मिळाली ती अशी, की दोन बाया टेलिफोनवर तिसरीविषयी काही वाईटसाईट बोलल्या, आणि ती तिसरी त्याच तारेवर कान लावून होती! प्रकरण मंडळीपुढे आले. ही कथा अक्षरशः खरी असो वा नसो, ती लोकांच्या ध्यानात राहिली, यावरून त्यांचे दुःख कोठे होते ते कळते. चहाडी काही टेलिफोनने जन्मास घातली नाही. परंतु उपासनेनंतरच्या जेवणात चहाडी करणाऱ्यास समोरच्या चेहऱ्याचा धाक असतो. तारेवर तो नसतो, आणि आपण कोणाकोणाशी बोलत आहो हेही ठाऊक नसते.

हा निर्णय निमूटपणे पार पडला असे मात्र नाही. बहिष्कृतांशी किती कडकपणे वागावे याविषयी मंडळीत आधीच तेढ होती. तीत टेलिफोनची भर पडली, आणि लँकास्टरच्या आमिश समाजातील सुमारे एक पंचमांश माणसे फुटून निघाली. त्यांत भाऊ होते, व्याही होते. इतकी किंमत देऊनही जुन्या मंडळीने आपला निर्णय फिरविला नाही.

आता ज्या मुद्द्याकरिता ही हकीकत सांगितली तो असा. टेलिफोन पापमय आहे, असा निवाडा या लोकांनी कधीच दिला नाही. शेजारच्या इतर पंथीयाच्या घरी जाऊन, किंवा गावातील दुकानातून, त्याचा उपयोग करण्यास कोणाची हरकत नव्हती. हरकत होती ती तो घरात असण्याला. उपयोग आहे काय, हा प्रश्न आपण प्रत्येक नव्या वस्तूविषयी विचारतो, आणि त्याचे उत्तर नेहमी होकारार्थीच येते. कारण सर्वस्वी निरुपयोगी वस्तू बाजारात येतेच कशाला? आमिश सभेतील प्रश्न निराळा होता: ही वस्तू भिंतीवर बसली म्हणजे जेवणाच्या टेबलाचे काय होईल, आणि शेजाऱ्याकडे जाण्याच्या पायवाटेचे काय होईल? घंटा वाजली की बोलणे अर्धवट टाकून उठावे लागते. कुशल तारेवर विचारता आले की घोडा जुंपून जाण्याचे कारण उरत नाही, आणि कारण उरले नाही की जाणे हळूहळू बंद पडते. या उत्तराशी कोणी सहमत होवो वा न होवो; हा प्रश्न विचारण्याची सोय ज्यांच्या घटनेतच होती, असे समाज मला तरी फार आढळले नाहीत.

पुढे 1930 नंतरच्या दशकात काही कुटुंबांनी वडीलधाऱ्यांस विनंती केली, की डॉक्टरास बोलाविण्याकरिता व आगीच्या प्रसंगाकरिता चार-सहा घरांत मिळून एक टेलिफोन असू द्यावा. ती मान्य झाली. शेताच्या कडेला, रस्ता जेथे मिळतो तेथे, एक लाकडी खोपटे उभे राहिले; आत एक यंत्र, वहीत कोणी किती वेळ बोलले त्याची नोंद, आणि क्रमांक बहुधा छापील यादीत नाही. तेथून बोलावे, पण तेथे कोणी आपल्याला बोलावील म्हणून थांबू नये, असा हेतू. अशी खोपटी लँकास्टरमध्ये आजही दिसतात. पाऊस पडत असताना छत्री घेऊन तेथवर जावे लागते, आणि त्या पन्नास-शंभर पावलांत बहुतेक निकडींची निकड संपते. चौघांच्या घरात पाच भ्रमणध्वनी बाळगणाऱ्या आपल्यासारख्यांस या पावलांचा हेवा वाटावा!

तथापि या लोकांनी बातम्यांकडे पाठ फिरविली, असा कोणाचा समज झाला असेल तर तो चुकीचा आहे. ओहायो संस्थानात शुगरक्रीक नावाचे एक लहान गाव आहे. तेथे 1890 साली जॉन सी. मिलर याने 'द बजेट' नावाचे पत्र काढले, आणि सव्वाशेहून अधिक वर्षे झाली तरी ते आमिश व मेनोनाइट घरांतून आवडीने वाचले जाते. त्याच्या राष्ट्रीय आवृत्तीत राजकारणाला स्थान नाही, लढायांचे रकाने नाहीत. ठिकठिकाणच्या वसाहतींतून तेथील लेखनिक पत्रे पाठवितात, पुष्कळदा हाताने लिहिलेली, आणि ती एकापुढे एक छापतात. पत्रांचा साचा सहसा बदलत नाही: हवा कशी आहे, पेरणी किंवा काढणी कोठवर आली, मागल्या रविवारी कोणाच्या घरी उपासना झाली व पाहुणे कोठून आले, कोण जन्मले, कोण वारले, कोण माडीवरून पडले. शहरातील संपादकाने पहिल्याच ओळीला पेंगावे असा हा मजकूर! पण ज्याची मावशी इंडियानात आहे आणि भाऊ आँटेरिओत, त्याला यातील प्रत्येक ओळ म्हणजे घरचे पत्र असते.

शिवाय या बातम्यांत एक विशेष आहे. वाचून झाल्यावर हातांनी काहीतरी करता येईल अशीच त्यांतील बहुतेक बातमी असते. अमक्या गावची म्हातारी अंथरुणास खिळली आहे, तिच्यावर पत्रांचा वर्षाव करावा, अशी विनंती छापून येते, आणि ठिकठिकाणच्या अनोळखी घरांतून तिच्याकडे खरोखरच पत्रांचा ढीग जातो. कोणाचे कोठार जळाल्याची बातमी शेजारच्या मंडळ्यांस कळते, आणि शेकडो माणसे हातोडे घेऊन जमतात व नवा सांगाडा एका दिवसात उभा करतात. नील पोस्टमन या अमेरिकन ग्रंथकाराने 1985 साली प्रसिद्ध केलेल्या एका पुस्तकात तक्रार केली होती, की तारायंत्र आल्यापासून माणसाला कळणाऱ्या गोष्टी अफाट वाढल्या आणि त्यांपैकी त्याला काही करता येईल अशा गोष्टी मात्र होत्या तेवढ्याच राहिल्या. शुगरक्रीकच्या पत्राने हे प्रमाण, कोणताही सिद्धांत न मांडता, शंभर वर्षे सांभाळले. नातीच्या पडशापासून पृथ्वीच्या पलीकडील भूकंपापर्यंत सर्व काही एकाच चकाकत्या पाटीवर वाचून, आणि दोहोंबद्दल सारखीच हळहळ व्यक्त करून, आपण जेवावयास बसतो. तेव्हा आपल्या हळहळीचा नातीलाही उपयोग होत नाही आणि भूकंपग्रस्तांसही नाही.

अमेरिकेत या रोगाची चिकित्सा पूर्वी झाली नव्हती असे नाही. हेन्री डेव्हिड थोरो हा 1845 च्या 4 जुलैला वॉल्डन तळ्याकाठच्या झोपडीत राहावयास गेला आणि 1847 च्या सप्टेंबरात परत आला. देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकास तारायंत्र नेण्याची घाई चालली असताना, त्या दोन टोकांना एकमेकांस सांगण्यासारखे काही आहे का, असा खोचक प्रश्न त्याने 1854 साली केला. त्याच्या मृत्यूनंतर 1863 साली छापलेल्या एका निबंधात तर रोजची वर्तमानपत्रे मनाच्या पवित्र जागेत कसा चिखल आणतात याविषयी त्याने मनसोक्त राग काढला आहे. गांधीजींनी 1909 च्या नोव्हेंबरात किल्डोनन कॅसल जहाजावर 'हिंद स्वराज्य' लिहिले, त्याच्या शेवटी वाचनीय पुस्तकांची जी यादी दिली आहे तीत या निबंधाचे नाव आहे. म्हणजे लँकास्टरमध्ये टेलिफोनचा वाद पेटत असतानाच आफ्रिकेच्या वाटेवरील जहाजात आपल्याकडील एक माणूस तोच प्रश्न हाताळीत होता. दोघांस एकमेकांची गंधवार्ता नव्हती.

परंतु थोरो एकटा होता. त्याच्या झोपडीपासून गाव जवळच. दर दिवसा-दोन दिवसांनी गावातील गप्पा ऐकावयास आपण जात असू, हे त्याने स्वतःच प्रांजळपणे लिहून ठेविले आहे. गांधीजींनी आगगाडीचा निषेध केला आणि उभे आयुष्य आगगाडीत काढले. तारा पाठविल्या, वृत्तपत्रे चालविली. यात दंभ नव्हता. ज्याला सबंध देश हालवावयाचा आहे त्याला दुसरा इलाज नसतो. एकट्या माणसाचा निग्रह कितीही मोठा असला तरी भोवतालची सगळी माणसे तारेवर बोलत असता त्याला मुके राहून भागत नाही. माझ्या शेजाऱ्याच्या घरी टेलिफोन आला म्हणजे तो मला भेटावयास येईनासा होतो, मग मी माझ्या घरी घेवो अथवा न घेवो. आमिशांनी हे ओळखले, आणि पथ्य पाळावयाचे तर सर्वांनी मिळून पाळावे लागेल असे ठरविले. त्यांच्या यशाचे बीज येथे आहे. 1900 साली त्यांची संख्या पाच-सहा हजारांच्या घरात होती. आज ती साडेतीन लाखांच्या वर गेली आहे. मोठी कुटुंबे हे एक कारण. वयात आलेली बहुसंख्य मुले बाप्तिस्मा घेऊन मंडळीतच राहतात, हे दुसरे.

आणि त्यांच्या क्रौर्याचे बीजही येथेच आहे, हे सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. बाप्तिस्मा घेऊन नंतर जो मंडळी सोडील, किंवा नियम मोडून पश्चात्ताप करणार नाही, त्याला ते वाळीत टाकतात. कडक मंडळ्यांत त्याच्याबरोबर एका टेबलावर जेवत नाहीत, त्याच्या हातून वस्तू घेत नाहीत. आईनेसुद्धा मुलाचे पान निराळे मांडावयाचे. शुगरक्रीकच्या पत्रात पंथ सोडलेल्यांचीही पत्रे येतात म्हणून नाराज झालेल्या लोकांनी 1975 साली लँकास्टरमध्ये 'डी बोटशाफ्ट' हे दुसरे पत्र सुरू केले. कोणाचे कुशल छापावे आणि कोणाचे नाही, याचाही नियम झाला. वाळीत टाकणे म्हणजे काय हे आपल्याला परक्यांनी शिकवावयास नको. महाराष्ट्र विधिमंडळाला 2016 साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला तो उगाच नव्हे. ज्या समाजाच्या भिंती बाहेरचा गलबला आत येऊ देत नाहीत, त्याच भिंती आतली किंकाळीही बाहेर जाऊ देत नाहीत.

मुलांचा प्रश्न असाच अवघड आहे. आठव्या इयत्तेपुढे शाळेत पाठविणार नाही म्हणून विस्कॉन्सिनमधील तीन बापांस प्रत्येकी पाच डॉलर दंड झाला. 1972 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल बापांच्या बाजूने दिला. पण न्यायमूर्ती डग्लस यांनी अंशतः निराळे मत नोंदवून विचारले, की ज्यांचे भवितव्य ठरत आहे त्या मुलांस कोणी काही विचारले आहे काय? हा प्रश्न निरुत्तर राहिला असे आमचे मत आहे. घरात काय येऊ द्यावयाचे हे ठरविण्याचा अधिकार घराला असावा, हे मान्य; पण घर म्हणजे फक्त बाप काय?

2006 या एकाच वर्षी या समाजाचा जगाच्या गलबल्याशी दोन निरनिराळ्या रीतींनी संबंध आला. त्या सुमारास शुगरक्रीकच्या पत्राची राष्ट्रीय आवृत्ती इंटरनेटवर ठेवण्याची कल्पना निघाली, तेव्हा लेखनिकांनी लेखण्या खाली ठेवण्याची धमकी दिली आणि ती कल्पना सोडून द्यावी लागली. आपल्या मावशीच्या खुब्याची बातमी सर्व जगाने वाचावी, अशी त्यांची इच्छा नव्हती. आणि त्याच वर्षीच्या 2 ऑक्टोबरला, आपण इकडे गांधीजयंती साजरी करीत असता, लँकास्टरमधील निकल माइन्स येथील एका खोलीच्या शाळेत एक बंदूकधारी शिरला. त्याने दहा मुलींवर गोळ्या झाडल्या, पाच मेल्या. त्याने दार बंद करण्यापूर्वी तरुण शिक्षिका निसटली आणि शेजारच्या शेतावर धावत गेली. तेथून टेलिफोनने पोलिसांस बोलाविण्यात आले. त्या दिवशी ती पावले किती लांब वाटली असतील, याची कल्पना करवत नाही. दुसऱ्या दिवसापासून वार्ताहरांच्या गाड्यांनी रस्ते भरून गेले आणि प्रक्षेपणाच्या तबकड्या शेतांच्या कडेला उभ्या राहिल्या. आमिशांनी बहुधा छायाचित्रे काढू दिली नाहीत. त्याच दिवसांत त्यांच्यापैकी काही जण मारेकऱ्याच्या विधवेच्या व आईबापांच्या घरी सांत्वनाला गेले, मागाहून त्याच्या दफनालाही गेले. शाळा दहाव्या दिवशी पाडून टाकण्यात आली. जागेवर गवत पेरले.

अलीकडे त्यांच्यापुढे जो पेच आहे तो पूर्वीच्या सर्वांहून नाजूक आहे. भिंतीवरचे यंत्र उचलून शेताच्या कडेला ठेवता आले. खिशात मावणारे यंत्र ठेवावे कोठे? सुतारकाम आणि घरबांधणी करणाऱ्या तरुणांस धंद्याकरिता ते लागते, आणि धंद्याकरिता खिशात आलेले यंत्र रात्री घरी येताना रस्त्यावरील खोपट्यात राहत नाही. काही मंडळ्यांनी कामापुरते चालवून घेतले आहे, पुष्कळांनी मनाई केली आहे, आणि मनाई असलेल्या ठिकाणीही ते चोरून वापरले जाते हे वडीलधाऱ्यांस ठाऊक आहे. शरदातील सभेत हा विषय निघतो. एकमत झाले नाही, तर त्या मंडळीचे प्रभुभोजन पुढे ढकलतात.